मागच्या एक्सलचं दुखणं

त्या काळी मोटार विकत घेत नसत, तिच्यासाठी नंबर लावत. आम्ही नंबर लावला तेव्हा माझ्या दवाखान्याची पाटीसुद्धा रंगवून झाली नव्हती. गाडी आली तोपर्यंत पाटीचा रंग दोनदा उडून गेला होता. मधल्या वर्षांत आमच्याकडे गाडी नव्हती, पण गाडीची फाइल होती. ती माझ्या नवऱ्याच्या ताब्यात असे. तो सरकारी कचेरीत कारकून होता आणि फाइल कशी पोसायची हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं. गाडी मात्र त्याला चालवता येत नव्हती, आणि शिकायची इच्छाही नव्हती. चालवायला मी शिकले, गोल्फ क्लबच्या मैदानावर, एका खटारा गाडीत, पाचपन्नास बघ्यांच्या देखरेखीखाली.

ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा गाडी आली. आम्ही निळी मागितली होती, आली पांढरी. निळी हवी असेल तर थांबा, असं सांगितल्यावर आणखी थांबायचं त्राण आमच्यात उरलं नव्हतं. आमच्या कॉलनीतली ती पहिली मोटार. आधी ती विहारापाशी नेली, त्रिशरण-पंचशील म्हटलं, पेढे वाटले. शेजारच्या काकू चाकाखाली ठेवायला दोन लिंबं घेऊन आल्या होत्या. "काकू, आमच्यात नसतं हे," मी म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं लिंबं परत नेली आणि थोड्या वेळानं त्यांचंच सरबत करून आम्हाला पाठवलं.

मी दर गुरुवारी नाशिकहून पेठला जात असे. तिथे एका ओळखीच्यांच्या ओसरीवरच्या खोलीत दिवसभर पेशंट तपासायचे आणि संध्याकाळी परत यायचे. तोवर हे एसटीनं चाले. गाडी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी, पंचवटी मागे टाकून पेठ रस्त्याला लागल्यावर, मला मागून आवाज ऐकू आला. लांब कुठेतरी पिठाची गिरणी सुरू व्हावी तसा, हुंऽऽ असा. आधी वाटलं खरंच गिरणी असेल. पण गिरणी माझ्याबरोबर पुढच्या गावापर्यंत आली. वेग वाढवला की आवाज चढे, आणखी वाढवला की गायब होई, आणि घाट चढताना तर असा भरून येई की मागच्या सीटवर कुणी सूर लावून बसलंय की काय म्हणून मी वळून बघितलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"नवी गाडी आहे," तो म्हणाला.

"म्हणून काय? आवाज येतोय मागून."

"इतकी वर्षं थांबलो आपण. आवाज कसा येईल?"

रविवारी त्याला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली. गिरणी सुरू झाली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव बघत होता. "ऐकू आला?" मी विचारलं. "वारा आहे," तो म्हणाला.

गाडीबरोबर वॉरंटीचं पुस्तक आलं होतं. सहा महिन्यांच्या आत कारखान्याच्या चुकीमुळे काही बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करून देणार, अशी त्यात हमी होती. हमीचं एक पान, आणि हमी कधी लागू होणार नाही याची तीन पानं. मी दवाखान्यातून सर्व्हिस सेंटरला फोन लावून वॉरंटीबद्दल विचारत होते, ते माझ्या कंपाउंडरनं अर्धवट ऐकलं. संध्याकाळी तो फार हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, गाडीवर वॉरंट निघालंय म्हणे? माझा मेव्हणा पोलिसात आहे."

सर्व्हिस सेंटर आग्रा रोडला होतं. मॅनेजर चाळिशीचा, भांग चापून पाडलेला, गळ्यात टाय, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यानं माझं म्हणणं हसतमुखानं ऐकून घेतलं, गाडीत बसला आणि आवारातल्या आवारात दोन चकरा मारून परत आला.

"मॅडम, आवाज नाही."

"आवारात कसा येईल? चाळीसच्या पुढे येतो. चढावर जास्त येतो."

"नवी गाडी आहे. बसेल हळूहळू."

"काय बसेल?"

"आवाज."

"म्हणजे आहे ना आवाज?"

त्यानं खिशातलं एक पेन काढलं. मग विचारलं, "मॅडम, गाडीची पूजा केली होती का?"

मी म्हटलं, पुस्तकात पूजेची अट कुठे दिसली नाही. त्यानं नम्रपणे मान हलवली आणि तक्रारीच्या कार्डावर काहीतरी लिहून माझी सही घेतली. बाहेर येऊन वाचलं. लिहिलं होतं: ग्राहकास समजावून सांगितले.

पुढच्या दीड-दोन महिन्यांत मी चार वेळा गेले. चारही वेळा मला समजावून सांगण्यात आलं. एकदा चाकांत हवा कमी होती, एकदा जास्त होती. एकदा मागच्या डिकीत स्टेपनी हलत होती. चौथ्या वेळी मॅनेजरनं खुर्ची पुढे ओढली आणि घरच्या माणसासारखा म्हणाला, "मॅडम, रागावू नका. एकदा मनात बसलं ना, की तेच ऐकू येत राहतं. मनाचे खेळ असतात."

मी रागावले नाही, कारण मला दचकायला झालं. हे वाक्य माझं होतं. दर गुरुवारी मी ते कुणा ना कुणाला ऐकवत होते. शब्दसुद्धा तेच, आणि बहुधा खुर्ची पुढे ओढण्याची तऱ्हाही तीच.

वडाळा नाक्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री काम करत. सगळं नाशिक त्यांना उस्ताद म्हणे. त्यांच्या सुनेला जुळं झालं ते माझ्या हातून, त्यामुळे माझ्यावर त्यांचा लोभ होता. मी गाडी घेऊन गेले आणि आवाजाचं सांगितलं. त्यांनी मला समजावून सांगितलं नाही. हात पुसले, टोपी नीट केली, मागची सीट उचलून बाहेर ठेवली आणि गाडीच्या तळाला कान लावून आडवे झाले.

"चला, डाक्टरबाई."

"असे झोपून येणार तुम्ही?"

"तुम्ही पेशंटला उभ्यानं तपासता काय?"

अशा थाटात आम्ही पेठ रस्त्याला निघालो. सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्यानं आत वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "सिव्हिलला नेताय का?" गावाबाहेर पडल्यावर उस्तादांच्या सूचना सुरू झाल्या. पन्नास करा. पाय उचला. परत दाबा. आता नुसतं सोडा. अर्ध्या तासानं ते उठून बसले. गालावर पत्र्याची नक्षी उठली होती.

"मागच्या एक्सलच्या मधे गोल डबा असतो ना, त्याच्या पोटात हाय. दोन दातेरी चक्रं एकमेकांत फिरतात. कारखान्यात बसवणाऱ्यानं घाईत बसवलीत. दाताला दात नीट लागत नाय."

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. रोग सापडला म्हणून पेशंट रडतात तेव्हा मला नेहमी नवल वाटायचं.

"मग उघडा आणि नीट बसवा," मी म्हटलं.

"अर्ध्या दिवसाचं काम हाय. पण मी पान्हा लावला की तुमची गॅरंटी गेली." त्यांनी माझ्याकडून पुस्तक घेतलं. वाचता येत नसूनही बरोबर ते पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. बाहेरच्या कारागिरानं हात लावल्यास हमी रद्द. "कंपनीचा कागद हाय, बाई. कंपनीलाच करू द्या. त्या लोकांना आवाज कसा दाखवायचा ते मी सांगतो. रिकामी गाडी सपाटीवर बोलणार नाय. चार माणसं भरा, चढ लावा. वजन पडलं की आपोआप बोलंल."

त्या गुरुवारी पेठला एक बाई आली. करंजाळीच्या बाजूच्या पाड्यावरची. सहा महिन्यांत तिसरी की चौथी खेप. पोटात खाली दुखतं म्हणायची. झोपवून तपासलं की काही सापडायचं नाही. मी तिला लाल औषधाची बाटली देत होते आणि ते वाक्य ऐकवत होते.

"घरी लय दुखतं," ती त्या दिवशीही म्हणाली. "तुमच्याकडं आलं की ऱ्हातं. त्याला मी काय करू?"

मी पहिल्यांदाच विचारलं, "घरी नेमकं कधी दुखतं?"

"विहिरीवरून हंडा घेऊन चढण चढते तवा."

मी तिला टेबलावरून खाली उतरवलं. ओसरीवरचा पाण्यानं भरलेला हंडा तिच्या डोक्यावर दिला, अंगणाच्या पायऱ्या चार वेळा चढायला लावल्या, आणि लगेच आत घेऊन उभ्यानंच खोकायला सांगितलं. जांघेत लिंबाएवढा गोळा माझ्या बोटांना लागला. हर्निया होता, आणि झोपवल्यावर तो निमूटपणे आत जात होता. सिव्हिलची चिठ्ठी लिहिताना माझे कान तापले होते. ती बाई मात्र खूष होती. "मी म्हनलं नव्हतं?" एवढंच ती बरोबर आलेल्या सासूला म्हणाली. पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन झालं आणि ती बरी झाली. मी दिलेल्या लाल औषधाचं कुणी नाव काढलं नाही, हा त्या माणसांचा मोठेपणा.

गाडीचे सहा महिने भरायला वीस-एक दिवस उरले तेव्हा सर्व्हिस सेंटरमधून निरोप आला की कंपनीचे इन्स्पेक्टर मुंबईहून येणार आहेत. महिन्यातून एकदा ते येत आणि तक्रार खरी की खोटी ते ठरवत. मी दवाखाना बंद ठेवला. नवऱ्याला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली, वजन म्हणून. आणि उस्तादांना घेतलं.

"हे कोण?" मॅनेजरनं विचारलं.

"माझे काका," मी म्हटलं.

मॅनेजरनं उस्तादांकडे पाहिलं, उस्तादांनी मॅनेजरकडे. मॅनेजर एकाएकी खिशातली पेनं मोजू लागला.

इन्स्पेक्टर तिशीचे, सफारी घातलेले, बुटांत तोंड दिसेल असे. त्यांनी सांगितलं की आग्रा रोडवर एक किलोमीटर पुरे. मी म्हटलं, पुरे नाही. शेवटी मी चालवायला, शेजारी ते, मागे मॅनेजर, नवरा आणि उस्ताद, असे पाच जण पेठ रस्त्याला लागलो. उस्तादांना बोलायची बंदी होती, म्हणून आम्ही खूण ठरवली होती. एकदा खोकले की पाय दाबायचा, दोनदा खोकले की उचलायचा. सपाटीवर गाडी मांजरासारखी चालली. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. सावळघाटाची चढण लागली, उस्ताद खोकले, मी दाबला. ते दोनदा खोकले, मी उचलला.

"काकांनी औषध घ्यायला हवं," इन्स्पेक्टर म्हणाले. "एखाद्या डॉक्टरला दाखवा."

आणि तेवढ्यात गिरणी सुरू झाली. पाच माणसांच्या वजनानं असा काही आवाज उठला की इतक्या महिन्यांत मीसुद्धा तो ऐकला नव्हता.

"हाच! हाच तो!" माझा नवरा मागून जवळजवळ उभा राहिला. "पहिल्या दिवसापासून येतोय! मी सांगत होतो!"

मी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं लगेच बाहेर पाहिलं, पण तिकडे द्राक्षांचे मांडव नव्हते, दरी होती.

इन्स्पेक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. परत येताना म्हणाले, "आवाज आहे. पण मर्यादेत आहे."

"मर्यादा किती असते?" मी विचारलं.

"ती अनुभवानं ठरते."

"कुणाच्या?"

"कंपनीच्या."

"कंपनीनं हा आवाज ऐकलाय?"

त्यांनी खिडकीची काच वर केली. सर्व्हिस सेंटरला पोचल्यावर मी हट्टच धरला की गाडी लोखंडी घोड्यांवर चढवा. मागची चाकं अधांतरी करून इंजिन चालू केलं, गिअर टाकला, चाकं हवेत फिरायला लागली. मी पर्समधून स्टेथोस्कोप काढला, खाली बसले आणि त्याची चकती एक्सलच्या डब्याला लावली. आत कुणीतरी सुपारी कातरत होतं. मी नळ्या इन्स्पेक्टरांच्या कानात घातल्या. सफारी सांभाळत ते उकिडवे बसले. त्यांचा चेहरा बदलत गेला तो मी जवळून पाहिला. छातीत दोष सापडला की नवशिके डॉक्टर करतात तसा तो चेहरा होता: थोडी काळजी आणि बराचसा आनंद.

"आत दात तुटायला लागलेत," ते म्हणाले.

उस्ताद भिंतीला टेकून बिडी ओढत होते. त्यांना आता खोकल्याची गरज नव्हती, पण ते खोकले.

इन्स्पेक्टरांनी अख्खा एक्सल बदलून द्यायचा शेरा मारला. एक्सल मात्र दोन महिन्यांनी आला. तोवर मुदत संपली होती, त्यामुळे मुदत संपल्यावर दुरुस्ती करता येते का, असा पत्रव्यवहार सुरू झाला. इथे माझ्या नवऱ्याची फाइल कामाला आली. त्यानं पाच कार्डांच्या नकला जोडून असं पत्र लिहिलं की ज्या अर्थी ग्राहकास पाच वेळा समजावून सांगितले, त्या अर्थी ग्राहकाने पाच वेळा तक्रार केली होती, आणि तीही मुदतीत. कंपनीनं मानलं. त्याच्या आयुष्यातला तो मोठा विजय होता. पत्राची नकल तो बरेच दिवस पाहुण्यांना दाखवत असे.

एक्सल बसवायला गाडी दिली. दोन दिवसांत देतो म्हणाले, चार दिवस झाले. पाचव्या दिवशी दुपारी दवाखाना आटपून मी न कळवताच तिथे गेले. गाडी घोड्यांवर होती. जमिनीवर सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि मॅनेजर स्वतः हातात बॅटरी धरून गुडघ्यांवर बसला होता. मला पाहून तो असा उठला की त्याचं डोकं बंपरला लागलं.

गाडीखालचा माणूस सरपटत बाहेर आला. अंगात कंपनीचा निळा डगला, बटणं न लागणारा, पाठीवर कंपनीचं नाव. डोक्यावर पांढरी टोपी.

"उस्ताद, तुम्ही?"

"मी इथं नाहीच, डाक्टरबाई," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसानं हात लावला तर तुमची गॅरंटी जाईल."

मॅनेजर डोकं चोळत खाली बघत होता. हळूहळू सगळं कळलं. नवा एक्सल त्यांनी बसवला तर तो जुन्यापेक्षा मोठ्यानं ओरडायला लागला. कारखान्यानं तोही घाईतच पाठवला होता. दातांमधलं अंतर कागदाच्या जाडीएवढं नेमकं ठेवावं लागतं, आणि ते ठेवता येणारं सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी नव्हतं.

"मग तुम्हाला बोलवायचं कसं सुचलं यांना?" मी उस्तादांना विचारलं.

उस्ताद हसले. "हा तीन वर्षं माझ्याच शेडमध्ये होता. दात लावायचं शिकायच्या आधीच टाय मिळाला त्याला."

"मॅडम," मॅनेजर अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हे वर कळवू नका. माझी नोकरी आहे."

मला त्याला खूप काही ऐकवायचं होतं. पाच कार्डं, पूजा, मनाचे खेळ, सगळं. पण पेठच्या त्या बाईच्या सासूसमोर मला कुणीच काही ऐकवलं नव्हतं. मी म्हटलं, "कार्डावर काय लिहिणार आहात?"

"काय लिहू?"

"ग्राहकाने समजावून सांगितले, असं लिहा."

तो हसला की नाही ते कळलं नाही. उस्ताद पुन्हा गाडीखाली गेले. त्या दिवशी मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. खालून मधूनमधून आवाज येई, "बॅटरी इकडं धर, माझ्या तोंडावर नाय," आणि मॅनेजर तत्परतेनं धरी. उस्ताद एक चक्र फिरवायचे, बोटानं दात चाचपायचे, पितळेची पातळ चकती काढून दुसरी घालायचे, परत फिरवायचे. संध्याकाळी पाचला त्यांनी डबा बंद केला, डगला काढून घडी घालून मॅनेजरच्या हातात दिला, आणि बाहेर जाऊन बाहेरचा माणूस होऊन उभे राहिले.

आम्ही तिघं घाटापर्यंत गेलो. आवाज नव्हता. इतका नव्हता की मॅनेजरच अस्वस्थ झाला आणि दोनदा म्हणाला, "आता येईल बघा." आला नाही.

महिनाभरानं कंपनीचा छापील फॉर्म आला. दुरुस्तीनं आपण समाधानी आहात काय? होय. कारागिराची वागणूक कशी होती? उत्तम. काम करणाऱ्या कारागिराचं नाव? इथे मी पेन घेऊन बराच वेळ बसले. खरं लिहावं तर हमी रद्द, खोटं लिहावं तर उस्तादांचं श्रेय दुसऱ्याला. माझ्या नवऱ्यानं फॉर्म माझ्या हातून घेतला आणि कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: कार्डावरील अक्षर अस्पष्ट असल्याने वाचता आले नाही.

त्या फॉर्मवरून म्हणे सर्व्हिस सेंटरला कंपनीकडून शाबासकीचं पत्र आलं. ते काचेत बसवून भिंतीवर लावलेलं मी पुढे पाहिलं. उस्तादांनीही पाहिलं असणार, कारण त्यानंतर कुठल्याही गाडीचा एक्सल ओरडला की मॅनेजरचा माणूस सायकलवरून वडाळा नाक्याला जाई. मी एकदा त्यांना म्हटलं, "ते पत्र खरं तर तुमचं आहे, उस्ताद."

"मला वाचता येत नाय, बाई," ते म्हणाले. "त्याच्याकडंच राहू द्या. त्याला लागतं."